जोडप्याची सहल आणि समाजाचा हिशेब

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात पाली येते. गावाजवळ बिंदुसरेचे धरण आहे. पाऊस चांगला झाला आणि सांडव्यावरून पाणी पडू लागले की बीड शहरातली माणसे मोटारसायकलीवर बायकापोरे घेऊन तिकडे लोटतात. कणसे भाजली जातात, फोटो निघतात आणि अंधार पडायच्या आत सगळे घरी परततात. आमच्या भागात सहल म्हणतात ती एवढीच. दुष्काळी वर्षी तेवढीही नाही.

याच पालीतील आपल्या समाजाचे एक जोडपे. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, ती परिचारिका. लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून दोघांनी दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस ताडोबाची जंगल सफारी केली आणि नंतर चार दिवस मालवणजवळ तारकर्लीला समुद्रकाठच्या एका लॉजवर काढले. फोटो विहाराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले आणि तिथून महाभारत सुरू झाले. एकाने लिहिले, विहाराच्या स्लॅबची पावती फाडताना यांचा हात आखडतो. दुसऱ्याने विचारले, बाबासाहेबांनी कधी वाघ बघायला सुट्टी काढली होती का? तिसऱ्याने नुसतेच ‘दलित ब्राह्मण’ असे लिहून हात जोडल्याचे चित्र टाकले. मी त्या ग्रुपवर आहे. तिथे उत्तर दिले नाही, कारण मोबाईलवर वकिली करायची नाही हा माझा नियम आहे. इथे देतो.

प्रथम एक गोष्ट नमूद करतो. हेच जोडपे बुद्धगयेला गेले असते तर कोणीही हिशेब मागितला नसता. बँकॉकची टूरसुद्धा ‘बौद्ध देशांची यात्रा’ असे बॅनर लावले की आपल्याकडे चालून जाते, परतल्यावर सत्कारही होतो. म्हणजे आक्षेप पैशाला नाही, आनंदाला आहे. नवरा-बायकोने निवांत बसून नुसता समुद्र पाहिला, त्यात ना प्रबोधन, ना ठराव, ना वर्गणी, हेच अनेकांना खुपले.

आता बाबासाहेबांनी सुट्टी काढली होती का, हा प्रश्न. तो टोमणा म्हणून विचारला गेला असला तरी प्रश्न चांगला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मकथनपर लिखाणात पहिलाच प्रसंग सुट्टीच्या प्रवासाचा आहे. साल १९०१. वडील सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपाल होते; दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलावाचे खोदकाम काढले होते. उन्हाळ्याची सुट्टी वडिलांकडे घालवायची म्हणून साताऱ्याची ही मुले नवे कपडे घालून आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसली. मसूर स्टेशनवर उतरली, स्टेशनमास्तरने जात विचारली आणि सुट्टी संपली. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार नव्हता, गाडी मुलांनीच हाकायची असे ठरले. जवळ शिदोरी होती, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. नऊ-दहा वर्षांच्या भीमाला अस्पृश्यता अशी कळली, ती सुट्टीच्या प्रवासात कळली.

दुसरा प्रसंग आपल्या मराठवाड्यातला आहे आणि तो तर चक्क सहलीचा आहे. १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी आग्रह धरला की साहेब, तुम्ही येत असाल तर कुठेतरी स्थळदर्शनाला जाऊ. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. तीसेक माणसे निघाली. आडगावी अडचण नको म्हणून शक्यतो ओळख उघड करायची नाही, असाही निर्णय झाला. वाटेत दौलताबादचा किल्ला. रमजानचा महिना होता. दारापाशी पाण्याने भरलेला हौद होता. धुळीने माखलेल्या या माणसांनी त्यात हातपाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारा ओरडत आला की यांनी हौद बाटवला, आणि पाहता पाहता जमाव जमला. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती या अटीवर की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. अट पाळली जाते की नाही हे पाहायला सोबत शस्त्रधारी शिपाई दिला. बॅरिस्टर, गोलमेज परिषदेला जाऊन आलेला माणूस, पण किल्ला पाहतो आहे तो शिपायाच्या पहाऱ्यात.

तेव्हा बाबासाहेबांनी सुट्टी घेतली नाही असे म्हणणे चूक आहे. त्यांना ती घेऊ दिली नाही, हे खरे. आणि रमाई? प्रकृतीसाठी हवापालट म्हणून त्या धारवाडला गेल्या आणि तिथल्या वसतिगृहातील मुले उपाशी आहेत हे कळल्यावर हातातल्या बांगड्या काढून दिल्या, असे चळवळीत सांगितले जाते. एकदाच कुठे विश्रांतीला गेल्या तर त्याचीही अशी किंमत मोजली. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. हा त्याग आपण डोक्यावर घेतो, घेतलाच पाहिजे. पण रमाईला विश्रांती मिळाली नाही म्हणून तिच्या लेकीने, नातीनेही घेऊ नये, हा निष्कर्ष कोणत्या तर्कशास्त्रातला? त्याग हा वारसाहक्काने लादायचा बोजा असेल तर मग वतनदारी काय वाईट होती!

अमेरिकेत १९३६ पासून व्हिक्टर ग्रीन नावाचा एक काळा टपाल कर्मचारी दरवर्षी एक लहानसे पुस्तक छापत असे. कोणत्या गावात कोणते हॉटेल, कोणते गॅरेज काळ्या माणसाला आत घेते, याची ती यादी होती. आपल्याकडे अशी यादी कोणी छापली नाही. आपण आडनाव बदलले, गावाचे नाव मोघम सांगितले किंवा नातेवाइकांकडेच उतरलो.

कोणी म्हणेल, हा सगळा जुना इतिहास. मग तारकर्लीच्या आधी काय झाले ते ऐका. कोकणातल्या एका घरगुती लॉजला या शिक्षकाने फोन केला. खोली आहे म्हणाले. नाव विचारले, आडनाव विचारले, मग ‘बीडमध्ये कुठले, कोणापैकी’ असे विचारले. शिक्षकाने जय भीम म्हणून फोन ठेवला असता तरी चालले असते, पण त्याने सरळ सांगितले. दहा मिनिटांनी उलट फोन आला की खोली आधीच दिलेली होती, लक्षात नव्हते. दोघांनी दुसरा लॉज पाहिला. तिथल्या बाईंनी काही विचारले नाही, सोलकढी मात्र रोज दोन वेळा पाजली.

वकील म्हणून यावर थोडे बोललेच पाहिजे. संविधानाचे कलम १५(२) दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या सार्वजनिक जागा यांत जातीवरून प्रवेश नाकारायला मनाई करते. हे कलम केवळ सरकारवर नाही, खाजगी माणसावरही बंधनकारक आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ चे कलम ४ हॉटेलात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवते. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड शंभर ते पाचशे रुपये. आज पाचशे रुपयांत त्या लॉजवर एक सुरमई थाळीसुद्धा येत नाही, हा भाग वेगळा! पण त्याच कायद्याचे कलम १२ फार मोलाचे आहे आणि आपले कार्यकर्ते ते विसरतात. गुन्हा अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडला असेल तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला असे न्यायालयाने गृहीत धरायचे, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. आडनाव विचारणे हा गुन्हा नाही. आडनाव ऐकून खोली नाकारणे हा आहे, आणि आधी ‘आहे’ व मग ‘नाही’ या दोन वाक्यांमधले अंतर हाच पुरावा असतो. म्हणून खोलीची मागणी तोंडी ठेवू नका, मेसेज करून लेखी उत्तर घ्या. शिक्षकाने तसे केले नव्हते, त्यामुळे फिर्याद उभी राहिली नाही. लाखो रुपयांच्या जाहिराती देऊन ‘पर्यटनाला या’ म्हणणाऱ्या सरकारने एक ओळ तरी छापावी की नोंदणीकृत निवासात जात विचारली तर परवाना जाईल.

आता वाघाकडे वळू. चंद्रपूरशी आपले नाते वेगळे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला. दरवर्षी त्या दिवसांत लाखो माणसे तिथल्या दीक्षाभूमीवर येतात, आणि ताडोबाचे दरवाजे पावसाळ्यानंतर त्याच महिन्यात उघडलेले असतात. किती जण जंगलाकडे वळतात? फार थोडे. सफारीची जिप्सी परवडत नाही, हे एक कारण. दुसरे असे की जंगल आपले आहे असे कोणी आपल्याला सांगितलेच नाही.

ते कोणाचे आहे हेही पाहिले पाहिजे. ताडोबा हे नाव गोंडांच्या तारू या देवावरून आले. वाघाशी झुंजताना मरण पावलेल्या या पूर्वजाचे ठाणे आजही तळ्याच्या काठी आहे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य, १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प, गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. वाघ वाढले, चांगलेच झाले. पण बोटेझरीची आणि कोळसा गावातली कुटुंबे २००७ मध्ये भगवानपूरला हलवली गेली, नंतर आणखी गावे उठली. या जोडप्याने जिप्सीतल्या गाईडला विचारले, तुझे गाव कोणते? तो म्हणाला, आता बाहेर आहे, आधी आत होते. एवढेच बोलला, मग सांबर दाखवायला लागला. ज्या रानात त्याच्या आजीने मोहफुले वेचली त्याच रानात तो आता फेरीमागे ठरलेल्या पैशावर पाहुणे फिरवतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेची लेखी संमती घेतल्याशिवाय गाव हलवता येत नाही. संमती कशी घेतली जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

दक्षिण आफ्रिकेत क्रूगर उद्यानासाठी १९६९ साली मकुलेके जमातीला बंदुकीच्या धाकाने उठवले होते. वर्णभेदी राजवट गेल्यावर त्यांनी दावा लावला आणि १९९८ साली जमिनीची मालकी परत मिळवली. त्यांनी जंगल तोडले नाही. उद्यान उद्यानच ठेवले आणि पर्यटक-निवासांच्या उत्पन्नात मालक म्हणून वाटा घेतला. आपल्याकडच्या आदिवासीला गाईडची खाकी मिळते, मालकी मिळत नाही. सफारीला जाणाऱ्या आपल्या माणसाने सफारी सोडू नये, पण हा प्रश्न मात्र विचारावा. बाहेरून आलेल्या पाहुण्याने विचारलेला प्रश्न कधीकधी वनाधिकाऱ्याला गावकऱ्याच्या प्रश्नापेक्षा जास्त टोचतो.

आणि आता मूळ मुद्दा. या परिचारिकेचे आईवडील कोयता होते.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे अशी जोडीने निघतात. वंजारी, बंजारा, बौद्ध, मातंग, मराठा, सगळ्या जातींची. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर, पलीकडे कर्नाटक. फडाजवळ पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. पहाटेच्या अंधारात नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. रात्री-अपरात्री गाडी आली की पुन्हा उठायचे. पट्टा पडेपर्यंत सुट्टी नाही. एक दिवस पडला तर ‘खाडा’, आणि खाड्याला ५०० रुपयांपर्यंत कापून घेतल्याचे बायकांनी सांगितलेले आहे. जोडप्याने सहा महिने घराबाहेर राहणे, हीच आमच्या जिल्ह्याची टूर! जोडी लागते म्हणून कोवळ्या पोरींची लग्नेही उरकली जातात.

या खाड्याचे पुढे काय होते ते २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राला कळले. मासिक पाळीत, गरोदरपणात, अंगावर जात असताना काम थांबवता येत नाही, म्हणून पिशवीच काढून टाकायची. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आकडा आला तो असा : बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली. शंभरात जवळजवळ सतरा. सुट्टी नसणे म्हणजे काय, याचे याहून उघडे उत्तर कोणाला हवे आहे? महिन्यातले दोन-तीन दिवस विसावा मिळाला असता तर यातल्या कित्येक जणींचे शरीर शाबूत राहिले असते.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन १९४५ साली पगारी सुट्टी आली. वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवस. पुढच्या वर्षी आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. म्हणजे ग्रुपवरच्या भाऊंनो, पगारी सुट्टी हा शब्द या देशातल्या कामगाराच्या आयुष्यात ज्यांच्या सहीशिक्क्याने आला ते बाबासाहेबच. फक्त ती सुट्टी बारमाही कारखान्यांपुरती होती, आणि १९३४ च्या कायद्यात साखर हंगामी धंद्यांच्या यादीत होती. १९४८ च्या कायद्याने हा भेद पुसला, पण वर्षात २४० दिवस कामाची अट ठेवली. नव्या संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, ही अट १८० दिवसांवर आली. ऊसतोडीचा हंगाम चार-पाच महिन्यांचा, म्हणजे १८० ही भरत नाहीत. आणि भरले तरी काय? कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी नुसता मध्यस्थ, शेतकरी म्हणतो तोडणी कारखान्याची. मालकच सापडत नाही तर रजा कोणाकडे मागायची? आंतरराज्य स्थलांतरिताचे संरक्षण मागावे तर राज्याची सीमा ओलांडलेली हवी. बीडहून बेळगावला गेलेला त्यात बसतो, बीडहून कराडला गेलेला बसत नाही. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, स्वागतच आहे. रजेचा शब्द त्या करारातही ठळकपणे कुठे आला नाही.

आणि संविधान काय म्हणते? कलम ४३ नुसत्या निर्वाहवेतनाची गोष्ट करत नाही. शेतमजुरासह प्रत्येक कामगाराला फुरसतीचा पूर्ण उपभोग आणि सामाजिक-सांस्कृतिक संधी मिळाव्यात, असे ते राज्याला बजावते. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, कोर्टात थेट मागता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ते तिथे आहे. १९३६ साली फ्रान्समध्ये संप करून कामगारांनी दोन आठवड्यांची पगारी सुट्टी मिळवली आणि त्या उन्हाळ्यात असंख्य कुटुंबांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. फुरसत अशी मिळते, मागून आणि लढून.

धम्माचा आधार हवा असेल तर तोही आहे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला संपत्तीचे चार भाग करायला सांगितले : एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, एक अडचणीसाठी राखून. उपभोगाचा भाग पहिला सांगितला आहे, चोरून करायची गोष्ट म्हणून नाही. आणि त्याच सुत्तात मालकाने नोकराशी कसे वागावे याची पाच कर्तव्ये आहेत : झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा रजेचा नियम आहे. विहारात वंदना झाल्यावर हे सुत्त एकदा मराठीतून वाचून दाखवा, स्लॅबच्या वर्गणीआधी.

त्या परिचारिकेची आई हयात आहे. ऊसतोडीची तिची बरीच वर्षे कराड-सांगलीकडे गेली. घाट उतरला की कोकण, पण घाट उतरायला तिला कधी दिवस मिळाला नाही. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो दादरला, चैत्यभूमीवर, सहा डिसेंबरला, गर्दीत लेकीचा हात धरून. आपल्या हजारो आयाबायांचे असेच आहे. ज्या चौपाटीवर ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांना अग्नी दिला, तीच त्यांची पहिली चौपाटी. मराठवाड्यातल्या बायकांनी समुद्र पाहिला तो डोळ्यांतले पाणी पुसत. आता तिची लेक नवऱ्याबरोबर तारकर्लीला जाऊन हसत पाण्यात उभी राहिली, तर त्या फोटोवर कोणी काय लिहायचे ते लिहावे. म्हातारीने तो फोटो मोठा करून भिंतीवर लावला आहे, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या जरा खाली.

येत्या हंगामाच्या उचली सुरू होतील. पालीत, नेकनूरला, पाटोद्याला मुकादमांच्या बैठका बसतील. मुकादमाशी जो कागद होतो त्यात या वेळी दोन ओळी वाढवून पाहू : महिन्यात चार दिवस बिनखाड्याची सुट्टी, आणि बाईला पाळीचे व बाळंतपणाचे दिवस मजुरी न कापता. कारखान्याची सही त्याखाली मागायची. ऊसतोड कामगारांच्या महामंडळाकडेही तोच मसुदा पाठवायचा. मसुदा मी लिहून ठेवला आहे. ज्या टोळीला हवा असेल तिने कोर्टाच्या वेळेनंतर यावे, फी लागणार नाही.